खरखर आणि श्वास

केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली. जेमतेम साडेतीन मिनिटांची. ती ऐकली की अनेकजण म्हणतात, “तेव्हाचं रेकॉर्डिंगच भारी होतं!”

मला हे पटत नाही. दहा इंची ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची. तासभर खुलणारा ख्याल त्यात कोंबावा लागे, वर खरखर वेगळीच. तंत्र म्हणून आजचं रेकॉर्डिंग सरसच आहे.

पण तबकडीला अनडू नव्हतं. चुकलं तर तेवढाच तुकडा बदलता येत नसे, पहिल्यापासून गावं लागे. त्यामुळे गाणं आधी पक्कं व्हायचं, मग माईकसमोर यायचं.

गेल्या वर्षी मी आजीच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरने ‘साफ’ केल्या. पंखा गेला, बांगड्या गेल्या, दोन ओळींमधला तिचा श्वासही गेला. ऐकून ती म्हणाली, “ही कोण बाई रे?”

मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलो. आता तीच ऐकतो, पंख्यासकट. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. कुठे थांबायचं ते मला कळलं नाही. तबकडीवर तो प्रश्नच नव्हता.