काकू म्हटलं की प्रश्न संपला

नगरपालिकेचा प्रचार हा मी एक साहित्यप्रकारच मानतो. त्याला लेखक असतो, ठरलेली भाषा असते, गाठायचा वाचकही असतो. मग त्याची समीक्षा का होऊ नये? डिसेंबर २०२५मध्ये राज्यभर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच ठिकाणी त्याआधी काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होता. एवढ्या खंडानंतर उमेदवार मतदाराशी काय बोलतो, हे आमच्या वाशिमसारख्या गावात ऐकण्यासारखं असतं.

सगळ्यात प्रामाणिक प्रकार म्हणजे भोंग्याची रिक्षा. गल्ली ओलांडेपर्यंत तिला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात नाव, निशाणी आणि ओळखीच्या चालीवरचं गाणं. बहुतेक प्रभागांत दोन नगरसेवक निवडायचे आणि नगराध्यक्षही थेट, म्हणजे एका मतदाराला तीन मतं द्यायची असतात. अशा वेळी तेच तेच सांगणं उपयोगाचं ठरतं. रिक्षा याहून जास्त काही असल्याचा आवही आणत नाही.

घरभेट मात्र फार हुशारीनं रचलेली असते. कार्यकर्त्याच्या हातात मतदारयादी असते आणि डोक्यात त्याहून मोठी यादी: आडनाव कोणतं, गल्ली कोणती, कोण कामाला बाहेरगावी. "काकू, पोरगं येते का नाई पुण्याहून मतदानाले?" या एका वाक्यात आपुलकी आहे, चौकशी आहे आणि हिशेबही आहे. खरी मेख त्या 'काकू'त आहे. नातं जोडलं की प्रश्न विचारणं उद्धटपणा ठरतो. दारात चहा पिणाऱ्या पुतण्याला एकबुर्जीचं पाणी नळाला किती दिवसांनी येणार, हे कसं विचारायचं?

तिसरा प्रकार आपल्या फोनवरचा. ड्रोनचा शॉट, स्लो मोशनमध्ये जोडलेले हात, मागे ढोल. इथे भाऊ नायक आणि मतदार गर्दीतला एक्स्ट्रा. समीर विद्वांस यांच्या 'धुरळा'त (२०२०) सरपंचपदासाठी एकाच घरातली माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. खुर्ची घरात कशी शिरते, हे तो सिनेमा नेमकं दाखवतो. पण गावातला मतदार तिथेही बहुतांशी बघ्याच राहतो. रीलनं त्यातला धुरळा तेवढा उचलला, घरातली भांडणं गाळली.

'ब' वर्ग नगरपालिकेत या निवडणुकीसाठी खर्चाची मर्यादा नगराध्यक्षपदाला सव्वाअकरा लाख आणि सदस्यपदाला साडेतीन लाख होती. एवढ्या पैशांत छापलेल्या गुळगुळीत पत्रकांवर 'सर्वांगीण विकास' हमखास भेटतो. पाणीपट्टी किती वसूल झाली, कचऱ्याच्या कंत्राटावर किती गेले, हे माझ्या हाती आलेल्या एकाही पत्रकावर नव्हतं. या लेखनाचा दोष शैलीत नाही. त्याला मत हवंय, वाचक नकोय.

या निवडणुकीतला वाचण्यासारखा मजकूर दुसरीकडेच होता: उमेदवाराच्या शपथपत्रात. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं त्याच्याच सहीनिशी. ते काही कुणाच्या स्टेटसवर दिसलं नाही. त्याला चाल लावता येत नाही ना! पण फोनवर एवढा लेख वाचणाऱ्याला ती चार पानं जड जायचं कारण नाही. पुढच्या वेळी भाऊंचं रील फॉरवर्ड करण्याआधी भाऊंचं शपथपत्र उघडा. आणि दारात कुणी काकू म्हणालं, तर चहा जरूर पाजा. नळाचं मात्र चहा संपायच्या आत विचारा.