एका पेशीचा धागा

दिवाळीच्या आगेमागे बोथच्या काळ्या रानात कापूस फुटतो. 1956 साली भाषावार प्रांतरचनेत शेजारचं किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं, बोथ तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आलं. तेलुगू शेजारी कापसाला पत्ती म्हणतात, मराठी घरांत कापसाचं झाड पऱ्हाटीच. कविता वाचावी तशी ही पऱ्हाटी वाचता येते. कवितेत एकच शब्द जागोजागी नवा अर्थ घेऊन येतो, तशी इथे त्वचा येते. शास्त्रात तिला अपित्वचा म्हणतात.

आधी मूळ. सोटमूळ भेगाळ जमिनीत खोल उतरतं, पण पाणी शोषतात ते मुख्यतः कोवळ्या टोकामागचे मूलरोम. प्रत्येक मूलरोम अपित्वचेच्या एकाच पेशीचा, मातीच्या कणांत शिरलेला. त्याने घेतलेलं पाणी जलवाहिन्यांतून वर चढतं. या नळ्या पुऱ्या होतात तेव्हा त्यांच्या पेशींतला जीव गेलेला असतो, म्हणून तर वाट मोकळी राहते. शेजारच्या रसवाहिन्या जिवंत. पानात झालेली साखर त्या मुळांकडे आणि वाढत्या बोंडांकडे नेतात.

पानावर तीच त्वचा दार होते. घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन रक्षक पेशी फुगल्या की पर्णरंध्र उघडतं. हवा आत येते, वाफ बाहेर पडते, आणि ही वाफच खालचं पाणी वर ओढते. पान उजेडावर धरलं तर बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींतलं गॉसिपॉल अनेक किडींना दूर ठेवतं.

मग फूल. पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. ते उमलतं त्याच सुमारास आत बीजांडाच्या त्वचेतल्या काही पेशी लांबू लागतात. विभागत नाहीत, नुसत्या लांबतात, जवळजवळ तीन सेंटीमीटरपर्यंत. पुढे त्यांच्या भिंतीला आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की पेशी सुकते, पोकळ नळी चपटी होते आणि पीळ खाते. हा पीळ असतो म्हणून तंतू तंतूला धरतो आणि सूत कातता येतं.

रॉबर्ट हूकने 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’त बुचाच्या पातळ कापातल्या पेशींचं वर्णन केलं. त्याला सूक्ष्मदर्शक लागला होता. पऱ्हाटीची पेशी नुसत्या डोळ्यांना दिसते. सरकीवरचा एक तंतू चिमटीत धरून ओढावा: बोटाच्या पेराएवढा लांब, केसाहून बारीक, आणि अख्खा एकाच पेशीचा. वेचणीला आलेली बाई ओटीत भरते तो या पेशींचाच ढीग. मुळाशी जिने पाणी घेतलं, पानावर जिने दार राखलं, तीच त्वचा सरकीवर धागा झाली, आणि आपण ती अंगावर नेसतो.