पारिभाषिक शब्दाचा नाद आणि अर्थाची हमी

विज्ञानातील चमत्कारिक वाटणाऱ्या संज्ञा ऐकताना होणाऱ्या आनंदाची बोळवण सहसा 'नादमाधुर्य' या एका शब्दाने केली जाते. श्क्लोव्हस्कीने १९१७ साली मांडलेली अपरिचितीकरणाची संकल्पनाही अशा वेळी हाताशी असतेच. शब्द अनोळखी झाला, की त्याचे ध्वनिशरीर जाणवू लागते, हे खरे. प्रश्न असा, की तेवढ्याने हा आनंद उलगडतो काय?

मरे गेल-मानने १९६४ साली 'क्वार्क' हे नाव दिले. त्याच्या सांगण्यानुसार प्रथम मनात होता तो केवळ ध्वनी. वर्णलेखन मागाहून जॉइसच्या 'फिनेगन्स वेक'मध्ये सापडले. त्याच वर्षी जॉर्ज झ्वाइगने स्वतंत्रपणे सुचवलेले 'एस', म्हणजे पत्त्यांतील एक्का, हे नाव मागे पडले. नादवाद्यांना याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही. तथापि जॉइसच्या पानावरील शब्द आणि भौतिकीतील शब्द यांचा आनंद एक नव्हे. पहिल्यात अर्थ वाचकाने पुरवायचा असतो. दुसऱ्यात तो कुठेतरी काटेकोरपणे ठरलेला असतो, फक्त आपल्यापाशी नसतो. आपण सुखावतो ते या हमीने.

मराठीतील 'ऊर्ध्वपातन' मात्र हा सिद्धान्त अडचणीत आणते. वर पाडणे! ही संज्ञा रसशास्त्रातून आली आहे. पाऱ्याच्या संस्कारांत ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन असे तीन प्रकार सांगितले आहेत. तापलेला पारा वरच्या भांड्याच्या तळाशी जाऊन चिकटतो, हे कळल्यावर विरोध मिटतो, पण आनंद ओसरत नाही. म्हणजे तो अज्ञानावर पोसलेला नव्हता. 'क्वार्क'चा आनंद कुंतकाच्या वर्णविन्यासवक्रतेजवळचा म्हटला, तर हा विरोधाभासाचा. आणि विरोधाभासाची खरी गोडी परिहारानंतरच येते.

'अभिसारी भिंग' आणखी पुढे जाते. बहिर्वक्र भिंगावर पडलेले समांतर किरण त्यातून पार होऊन नाभीपाशी एकत्र येतात, एवढेच पाठ्यपुस्तकाला सांगायचे असते. अभिसारिकेशी परिचय असलेल्या वाचकाला मात्र ते संकेतस्थळी निघालेले दिसतात. संज्ञाकाराला हे अभिप्रेत असेलच असे नाही (नसावे, अशी माझी समजूत आहे), पण धातूची स्मृती कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही.

आपल्या पारिभाषिक संज्ञांची 'कृत्रिम' म्हणून जी थट्टा होते, ती पुष्कळदा रास्तही असते. काही शब्द जिभेला वळतच नाहीत. परंतु 'डिस्टिलेशन' म्हटल्याने केवळ सोय होते, असे मानणे चूक आहे. त्या शब्दातही मराठी कानाला नाद आहे, हमी आहे. वर पडणारा पारा तेवढा त्यात नाही.