भोपळ्यात कोण आहे?

सुरतेजवळच्या हजिऱ्याला रात्रीही निवांत शांतता नसते. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. कॉलनीतल्या खोलीत पंखा बंद केला तरी बाहेरचा घुमारा भिंतीतून येतच राहतो. तापीच्या मुखापलीकडे डुमसचा काळा किनारा. तिथे पूर्वी स्मशान होतं म्हणतात, आणि वाऱ्यात कुजबुज ऐकू येते असं छातीठोक सांगणारे सुरतेत पैशाला पासरी. गंमत अशी, की डुमसचं भूत दिसण्यापेक्षा ऐकू येण्यासाठीच जास्त प्रसिद्ध आहे. मराठी भयपटाने ही साधी गोष्ट कधी मनावर घेतली नाही.

आपल्या पडद्यावर भूत येतं ते बहुधा हसवायला. ‘एक डाव भुताचा’ (1982) घ्या, नाहीतर महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (1993). वस्तूत आत्मा शिरण्याची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’वरून (1988) आली खरी, पण रामदास पाध्यांच्या हातातला बाहुला तात्या विंचू अस्सल इथला झाला, लाडका झाला. आणि लाडक्या भुताला कोण घाबरतं? त्याआधीच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ची (1976) हृदयनाथ मंगेशकरांची गाणी लोकांना पाठ आहेत, त्यातला भीतीचा एखादा प्रसंग सांगा म्हटलं की माणूस डोकं खाजवतो. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (2017) मात्र मोजक्या पात्रांत आणि उसाच्या फडात खरी भीती उभी करतो. तरी ऐकू येणाऱ्या भुताचा, झपाटलेल्या वाद्याचा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही, आणि पैसे नाहीत ही सबब मला पटत नाही.

हर्क हार्वी हा कॅन्सासमधल्या लॉरेन्सचा माणूस. उद्योगांसाठी, शाळांसाठी माहितीपट काढायचा. आमच्याकडे नव्या कामगाराला सुरक्षेची फिल्म दाखवतात, त्या जातीचं काम. त्याने सुमारे 33 हजार डॉलरांत ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (1962) काढला. मुख्य भूत तो स्वतःच झाला. तोंडाला पांढरा रंग फासला की काम भागलं. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. एकदा सराव करताना तिची बोटं तिचं ऐकेनाशी होतात. धीरगंभीर सूर कधी वाकडे झाले ते कळत नाही, तिचे डोळे भलतीकडेच लागलेले, आणि शेवटी पाद्री येऊन तिचे हात धरतो. वाद्यातून कुणी बाहेर येत नाही. आपण मात्र पाय वर घेऊन बसतो.

आपल्याकडे तर तंबोरा आहे. तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातून मिरजेत तयार झालेलं वाद्य. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वाळवून पोकळ केलेला. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात, त्याला ‘जीव’ म्हणतात. तो केसभर हलवला की मुकी तार बोलू लागते. शेजारी कुणी नेमक्या सुरात हाक मारली, तर कोपऱ्यातला तंबोरा हात न लावता गुणगुणतो. धारप-मतकरींच्या भयकथा वाचून वाढलेल्या भाषेत एवढ्यावर कथा सुचू नये? पेटीसुद्धा चालेल म्हणा. पावसाळ्यात पट्टी फुगून अडकली, की भाता हलताच तिचा सूर आपणहून सुरू होतो. पण पेटी चिडवल्यासारखी वाटते, तंबोरा ऐकत बसल्यासारखा.

दिग्दर्शकाला सेटही लागणार नाही. रोहित्राची गुणगुण आपल्याकडे सेकंदाला 100 कंपनांची असते. पांढरी एकला लावलेल्या मर्दानी तंबोऱ्याचा मंद्र पंचम 98चा, म्हणजे जरासाच खाली. कुणीतरी गाणं सोडून नोकरीसाठी हजिऱ्याला आलंय, गवसणीतला तंबोरा भिंतीला टेकवून ठेवलाय. थंडीत तार किंचित चढते. रात्रपाळीचा भोंगा होतो, दिवा मालवला जातो, आणि अंधारात पंचम लागतो.