पाकविधीची भाषा : माप आणि खूण

कमलाबाई ओगले यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ हे पुस्तक बहुधा गृहोपयोगी म्हणून वाखाणले जाते. भाषेच्या अंगाने त्याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः सासूने सुनेला, आईने मुलीला तोंडी दिलेली पाकविद्या छापील रूपात येताना तिचे काय होते, हे तपासण्यास याहून चांगले साधन मिळणे कठीण.

पहिला पालट क्रियापदाचा. चुलीपाशी ‘परत’, ‘घाल’ अशी आज्ञा असते. पाकपुस्तकांत ‘परतावे’, ‘घालावे’ असा विध्यर्थ येतो आणि ऐकणारी, सांगणारी दोघीही वाक्यातून नाहीशा होतात. दुसरा पालट मापाचा. ‘अंदाजाने’, ‘बेताचे’ यांच्या जागी वाटी-चमचा येतो. वाटी लहानमोठी असते, सबब हे माप अशास्त्रीय, हा आक्षेप वरवरचा आहे. पीठ व पाणी एकाच वाटीने मोजले की प्रमाण ढळत नाही. शिवाय तराजू नसलेल्या घरीही पुस्तक चालते. घरातले भांडे हेच माप मानण्यात ओगले यांची परंपरेची जाण दिसते.

तथापि मापाने सर्व साधत नाही. मोदकाच्या उकडीस पाणी किती लागेल, हे तांदळावर अवलंबून असते. अशा ठिकाणी तोंडी परंपरेने अंकाऐवजी खूण ठेवली आहे. पुरणात उलथने उभे राहिले की पुरण झाले. पिठाची मूठ वळली की मोहन पुरे. मसाला परतायचा तो तेल सुटेपर्यंत. पाक एकतारी, दोनतारी वा गोळीबंद. ‘सैलसर’, ‘घट्टसर’ यांतील ‘-सर’ हा प्रत्यय तर मराठीने जणू स्वयंपाकघरासाठीच राखून ठेवला असावा! ही अचूकतेची उणीव नव्हे. ती अचूकतेची निराळी जात होय. चूल गेली, स्टोव्ह आला, पुढे गॅस आला. ‘दहा मिनिटे’ दर वेळी निराळी ठरली, उभे उलथने मात्र तेच राहिले.

अलीकडील पाककृतींत ग्रॅम व मिनिटे वाढली, खुणा घटल्या. पुरण शिजताना जिने कधी पाहिलेच नाही, तिला नेमकी खूणच हवी असते. म्हणून वृद्ध स्त्रियांकडून कृती टिपून घेणाऱ्यांनी जिन्नसांच्या यादीवर थांबू नये. ‘झाले हे कसे ओळखायचे?’ असे विचारावे व उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कोकणात व देशावर ते शब्द एकच असतील, असे गृहीत धरू नये.