तोटा कोणाच्या अंगावर? : हजरत खदिजांच्या मराठी चरित्रांविषयी

काही वर्षांपूर्वी भिवापूरला एका वाचक मंडळात मी हजरत खदिजांच्या चरित्रावर बोललो. मांडणी नेहमीचीच होती. मक्केच्या कुरैश कुळातील श्रीमंत विधवा, चाळिसाव्या वर्षी पंचवीस वर्षांच्या मुहंमदांशी विवाह, त्यांच्या प्रेषितत्वावर सर्वांत आधी विश्वास आणि अखेरपर्यंत पतीला साथ. भाषण संपल्यावर मिरचीचा सातरा चालवणाऱ्या एका बाईंनी विचारले, "सर, सगळं बराबर हाये. पण त्या बाईचा माल कोणता होता? अन् तोटा आला तं कोणाच्या अंगावर?"

मला दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत. घरी येऊन कपाटातील मराठी पुस्तके आणि पुस्तिका पुन्हा काढल्या. खदिजांची संपत्ती बहुतेक ठिकाणी होती. तो व्यापार चालत कसा होता, हे मात्र कुठेच नव्हते.

साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहून मराठी वाचकासाठी एक दार उघडले, त्याचे ऋण मोठे आहे. पुढे मुस्लिम लेखकांनी आणि प्रकाशनसंस्थांनीही पैगंबरचरित्रे मराठीत आणली. माझी तक्रार त्यांच्या श्रद्धेविषयी नाही. तक्रार आहे ती आपल्या भाषेतून या चरित्रात नकळत शिरलेल्या तीन शब्दांविषयी : विधवा, श्रीमंत आणि पतिव्रता.

'विधवा' हा शब्द मराठीत एकटा येत नाही. त्याच्यामागून केशवपन येते, आलवण येते, 1856 चा कायदा येतो, 1893 मधला कर्व्यांचा पुनर्विवाह येतो. त्यामुळे खदिजांचा विवाह आपण सुधारणेचे धाडस म्हणून वाचतो. पण सातव्या शतकाच्या उंबरठ्यावरील मक्केत स्त्रीने पुन्हा लग्न करणे ही नवलाची गोष्ट नव्हती. खदिजांचे स्वतःचेच आधी दोन विवाह झाले होते. वयाच्या फरकाचेही तसेच. चाळीस हा आकडा रूढ आहे खरा, पण नवव्या शतकातील चरित्रकार इब्न सअद यांच्या ग्रंथात अठ्ठावीस वर्षांची परंपराही नोंदलेली आहे. त्यानंतर झालेल्या अपत्यांची संख्या पाहता ती परंपरा सहज बाजूला सारण्यासारखी नाही. आपल्या लेखकांना चाळीसच आवडते, कारण त्याने कथेला चमत्कृती येते.

'श्रीमंत' हा शब्द तर कर्तृत्वावर पांघरूणच घालतो. श्रीमंती वारशानेही येते, नवऱ्याच्या मागे राहूनही येते. मूळ साधने काय सांगतात ते पाहू. पैगंबरांचे सर्वांत जुने विस्तृत चरित्र आठव्या शतकातील इब्न इसहाक यांचे. ते आज मुख्यतः इब्न हिशाम यांच्या संपादित रूपात वाचायला मिळते. त्यात खदिजांची ओळख प्रतिष्ठित आणि धनवान व्यापारी स्त्री अशी आहे, आणि लगेच व्यवहाराची रीतही सांगितली आहे : त्या पुरुषांना आपला माल देऊन पाठवत आणि नफ्यात ठरलेला वाटा देत. अरबीत या व्यवहाराला मुदारबा म्हणतात, किराद असेही नाव आहे. भांडवल एकाचे, कष्ट आणि प्रवास दुसऱ्याचा, नफा दोघांचा. विदर्भात शेत बटईने देतात, त्याच्याच जवळचा हा प्रकार.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. पुढे इस्लामी धर्मशास्त्राने या कराराचे नियम बांधले, तेव्हा तत्त्व असे ठरले की माल घेऊन जाणाऱ्याने कसूर केली नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. जाणाऱ्याचे फक्त कष्ट वाया जातात. हे नियम नंतरचे आहेत, पण रीत जुनी होती. म्हणजे शामच्या वाटेवर उंट मेले, माल लुटला गेला, बाजार पडला, तर झळ खदिजांना. अशा व्यापारात टिकायचे तर माणसाची पारख हवी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहते. त्यांच्या तांड्यात नेमके काय होते हे साधने सांगत नाहीत. मक्केच्या व्यापाराविषयीची जुनी कल्पना उंची सुगंधांची आणि मसाल्यांची होती. पॅट्रिशिया क्रोन यांनी 1987 च्या आपल्या ग्रंथात तिला आव्हान दिले. हा व्यापार मुख्यतः कातडी, कपडे अशा साध्या मालाचा होता, असे त्यांचे म्हणणे. त्यावर वाद झाला, अजूनही आहे. मला ती शक्यता आवडते. रेशीम आणि अत्तरांतून चालणारी खदिजा चित्रात शोभून दिसते. कातड्याचा भाव करणारी खदिजा भिवापूरच्या बाजारात ओळखीची वाटेल.

याच रीतीने मुहंमद त्यांचा माल घेऊन शामला गेले. सोबत खदिजांचा गुलाम मैसरा होता. परतल्यावर आणलेला माल विकून भांडवल जवळजवळ दुप्पट झाले, असे इब्न इसहाक म्हणतात. आणि मैसराने प्रवासातली हकीकत सांगितली. विवाहाचा प्रस्ताव यानंतर, खदिजांकडून आला. इब्न सअद यांच्या कथनात नफीसा नावाची स्त्री मध्यस्थ आहे. मराठी चरित्रे इथे प्रेमकथेकडे वळतात. मला त्यात आधी हिशेब आणि साक्ष तपासून घेतलेला निर्णय दिसतो.

'पतिव्रता' हा तिसरा शब्द सर्वांत जास्त नुकसान करतो. 610 च्या सुमारास हिरा गुहेतून मुहंमद थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला, म्हणाले. मराठी कथनात खदिजा इथे धीर देणारी पत्नी होते. पण बुखारींच्या संग्रहातील त्यांचे बोलणे नीट पाहावे. नुसते 'घाबरू नका' असे त्या म्हणत नाहीत, कारणे देतात : तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचा भार उचलता, गरिबाला मदत करता, पाहुण्याचे आतिथ्य करता, म्हणून ईश्वर तुम्हाला खाली पाहायला लावणार नाही. मग त्या त्यांना शास्त्र जाणणाऱ्या आपल्या चुलतभावाकडे, वरका यांच्याकडे नेतात. माणसाच्या वर्तनाची खतावणी वाचायची, मग जाणकाराचे मत घ्यायचे. पंधरा वर्षांपूर्वी तांडा सोपवताना जी पारख वापरली, तीच इथे आहे. त्यांची श्रद्धा आणि त्यांचा व्यापार ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत.

तोटाही मग त्यांच्याच अंगावर आला. कुरैशांनी हाशिम कुळावर सुमारे तीन वर्षे बहिष्कार घातला, देणेघेणे आणि सोयरीक तोडली. व्यापारी घराण्यातील स्त्रीला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बहिष्कार उठल्यावर लवकरच, 619 मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी अबू तालिबही गेले. परंपरा त्या वर्षाला दुःखाचे वर्ष म्हणते.

पाच वर्षांनी बद्रची लढाई झाली. कैद्यांत त्यांची मुलगी जैनब हिचा नवरा होता. त्याच्या सुटकेसाठी तिने मक्केहून जे पाठवले त्यात एक गळ्यातला हार होता, आईने लग्नात दिलेला. तो पाहून पैगंबर गहिवरले, आणि सोबत्यांच्या संमतीने कैदी सुटला, हारही परत गेला. खदिजांच्या मालमत्तेतील एवढी एकच वस्तू साधनांत अशी डोळ्यांसमोर उभी राहते.

कुराणात खदिजांचे नाव नाही. तरी आपल्याकडे निकाहानंतरच्या दुआत नवदांपत्याला आदम-हव्वा आणि मुहंमद-खदिजा यांच्यासारखी जवळीक मागितली जाते, आणि खतिजाबी नावाच्या बाया गावोगाव आहेत. आदर कमी नाही. कमी आहे ते कामाचे वर्णन. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण सातऱ्यावर बसून देठ खुडणाऱ्या बायांचे नाव त्या मिरचीच्या कथेत क्वचितच येते. भाव ठरतो तिथे त्या नसतात. खदिजा तिथे होत्या. पुढच्या मराठी चरित्रकाराने निदान एवढे करावे : त्यांना 'श्रीमंत विधवा' म्हणण्याआधी 'व्यापारी' म्हणावे, आणि जोखीम कोणाची होती ते पहिल्याच पानावर सांगावे.