सुकाणूच्या खोलीतून दिसलेली नदी

मिसिसिपीवरील आगबोटींचा विषय निघाला की मार्क ट्वेनच्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ (१८८३) या पुस्तकाकडे बोट दाखवले जाते. ते योग्यच आहे. पाण्यावरची कोणती वळी म्हणजे खाली वाळूचा दांडा आणि कोणती म्हणजे बुडालेले झाड, हे पायलट कसे ओळखी, याचे इतके जिवंत वर्णन आमच्या वाचनात दुसरे नाही. दोरीला शिसे बांधून खोली मोजणारा खलाशी ‘मार्क ट्वेन’ असे ओरडे, म्हणजे दोन वाव, बारा फूट पाणी. लेखकाचे टोपणनाव इथलेच.

आमची तक्रार वेगळी आहे. हा इतिहास वरच्या मजल्यावरून लिहिलेला आहे. १८५८ साली ‘पेन्सिल्व्हानिया’ बोटीचे बॉयलर फुटले आणि ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री दगावला. तो प्रसंग वाचताना गळा दाटतो, पण बॉयलर फुटतात का, हे पुस्तकात कळत नाही.

या नद्या उथळ. बोट हलकी हवी, म्हणून अवजड कंडेन्सर नसलेले, जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे एंजिन. बॉयलरला पाणी थेट नदीचे, म्हणजे गढूळ. गाळ तळाशी बसला की लोखंडाची उष्णता पाण्याला मिळत नाही; पत्रा तापून मऊ पडतो आणि दाबाखाली फाटतो. (किटलीच्या तळाचा पांढरा थर दाखवून हे वर्गात सहज सांगता येईल.) अशा अपघातांमुळे १८५२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. बॉयलरची तपासणी आणि पायलटला परवाना, दोन्ही त्यातलेच. पायलटइतका स्वतंत्र माणूस नाही असे सांगणाऱ्या ट्वेनने १८५९ मध्ये परवाना मिळवला तो याच कायद्याखाली! भट्टीत लाकडे कोंबणारे, ज्यांत गुलामही होते, त्यांचे तर या पुस्तकात नखाएवढेच दर्शन घडते.

म्हणून पुस्तकाशेजारी वस्तू हव्यात. १८५६ मध्ये मिसूरी नदीत झाडाच्या ओंडक्यावर आदळून बुडालेली ‘अरेबिया’ १९८८-८९ मध्ये खणून काढली, ती नदीत नव्हे, मक्याच्या शेतात, सुमारे ४५ फूट खोल! नदीने पात्र बदलले होते. प्राणवायू न पोचणाऱ्या चिखलात बूट, भांडी, लोणच्याच्या बाटल्याही टिकल्या. कॅन्सस सिटीत १९९१ पासून त्यांचे संग्रहालय झाले. तिथल्या मालावरून गिऱ्हाईक कळते. भट्टीवाल्याची गोष्ट मात्र तिथेही प्रेक्षकालाच बॉयलरपाशी उभे राहून जुळवावी लागते.